पाहुण्यांपुढे कधीच न बिघडणारा स्टीरिओ

कूबर पीडी या गावात काहीही बिघडलं की विंको पर्चिच एकच कारण सांगायचा: धूळ. टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या आल्या, धूळ. टेपरेकॉर्डर फीत चावायला लागला, धूळ. मर्व्हच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या गल्ल्याचा खण उघडेनासा झाला, तर धूळ आणि थोडा मर्व्हचा स्वभाव. पंधरा वर्षांत त्याचं हे निदान दहापैकी नऊ वेळा बरोबर निघालं होतं. माणूस वाया जायला दहात नऊ पुरे होतात.

तसा तो मूळचा दुरुस्तीवाला नव्हेच. क्रोएशियातून जहाजावरचा रेडिओवाला म्हणून निघाला, ऑस्ट्रेलियाच्या एका बंदरात उतरला आणि दोन वर्षं ओपलचे रंगीत खडे खणून, श्रीमंत होऊन घरी जायचं असं ठरवून या वाळवंटात आला. दोनाची अठरा वर्षं खणण्यातच गेली. शेवटची चार वर्षं ज्या खड्ड्यात घातली तो त्याने कंटाळून सोडला, आणि पुढच्याच महिन्यात एका इटालियनाने त्याच भिंतीत दोन हात पुढे खणून मोराच्या पिसासारखा रंग बाहेर काढला. ही गोष्ट विंको नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच सांगून टाकायचा. "दोन हात अलीकडे थांबणं हा आपला धंदाच आहे," म्हणायचा. आपली फजिती आपणच आधी वाजवली की दुसऱ्याच्या हातात ढोल उरत नाही.

खणणं सुटलं आणि जहाजावरची विद्या कामी आली. त्याचं घर आणि दुकान एकच, टेकडीच्या पोटात खणलेलं. गावातल्या निम्म्या लोकांसारखं बीळच. बाहेर शेहेचाळीस डिग्री असो की थंडीने दात वाजोत, आत बारा महिने चोवीस. या चोवीसचा त्याला भारी अभिमान. "माझ्या टेबलावर यंत्राला सुट्टीवर आल्यासारखं वाटतं," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. दुसरा अभिमान ऍडलेडहून करून आणलेल्या रबरी शिक्क्याचा. 'तपासले. दोष नाही. वि. पर्चिच.' जांभळी शाई. हा शिक्का मारताना विंको मनगटाला असा काही झटका द्यायचा की बघणाऱ्याला वाटावं, बंदराचा कप्तान जहाज सोडतोय.

तर अशा या कप्तानाकडे दोन हजार चार सालच्या नाताळाआधी थिया कलिओपीचा निरोप आला, की स्टीरिओ गप्प बसतो, येऊन बघ.

थिया म्हणजे ग्रीक भाषेत मावशी. ती ऐंशीच्या घरातली, आणि तिला थिया म्हणायला ग्रीक असावं लागत नसे. तिच्या हातचा संत्र्याच्या सालीचा मुरांबा एकदा खाल्लेला असला की पुरे. नवरा पांतेली जाऊन सहा वर्षं झाली होती. आयुष्यात हाती लागलेल्या एकुलत्या एका चांगल्या खड्याच्या पैशांत त्याने चौऱ्याहत्तर साली जपानी स्टीरिओ घेतला होता. पुढून चकचकीत, बाजूंनी लाकडी, आणि दोन स्पीकर कमरेएवढे. तो ठेवायला त्याने बिळाच्या तोंडाशी पत्र्याची वेगळी खोली बांधली, पश्चिमेला मोठ्ठी खिडकी ठेवून. बुझुकी, म्हणजे ग्रीकांची सतार, जमिनीखाली गुदमरते, असं पांतेलीचं मत होतं.

सूर्य मावळल्यावर विंको गेला. उन्हाळ्यात कूबर पीडीचा शहाणा माणूस मावळल्याशिवाय बाहेर पडत नाही. थियाने त्याला पत्र्याच्या खोलीत बसवलं, कूलर लावला, काचेच्या बशीत चमचाभर मुरांबा आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि मग समोर बसली.

"नेमकं काय होतं, थिया?"

"गातं, गातं, आणि टक् म्हणतं. मग गप्प. दिवा चालू, तबकडी फिरतेय. आवाज तेवढा नाही."

"एका बाजूचा जातो की दोन्ही?"

"दोन्ही. आपसात ठरवल्यासारखा."

"आणि परत कधी येतो?"

"सूर्य गेला की. पुन्हा टक्. मग जिथे सुई असेल तिथून पुढे."

"टक् म्हणजे छताचा पत्रा, थिया. ऊन उतरलं की वाजतोच."

"तीस वर्षं त्या पत्र्याखाली बसतेय मी, लेकरा. त्याचं टक् मला कळतं. हे टक् निराळं."

विंकोने मान डोलावली. मुरांबा संपवला, यंत्र गाडीत घातलं आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात निदान करून मोकळा झाला. तुम्हाला ते माहीतच आहे.

वरचं झाकण काढलं तर धूळ खरंच होती, मूठभर. ती त्याने ब्रशने काढली. आवाजाच्या बटणात फवारा मारून ते शंभर वेळा इकडून तिकडे फिरवलं. वायरींची टोकं घासली. डावीची वायर उजवीला लावून दुखणं जागा बदलतं का ते पाहिलं. दुखणं मुळात नव्हतंच तर बदलणार कुठून. लाकडी डावाच्या दांड्याने आतल्या एकेका भागावर टिचक्या मारल्या. झाकण उघडं ठेवून यंत्र सहा दिवस चालू ठेवलं, आणि यंत्र सहा दिवस असं गायलं की सातव्या दिवशी विंको स्वतः बुझुकीच्या तालावर अंडी फेटत होता.

कागदावर शिक्का मारला. सूर्य मावळल्यावर पोचवलं. थियाने कूलर लावला, मुरांबा दिला, यंत्र लावलं. यंत्र गायलं.

चार दिवसांनी निरोप: टक्.

पुन्हा धूळ, पुन्हा फवारा, पुन्हा चोवीस डिग्रीतली सुट्टी, पुन्हा शिक्का. आठवड्याने पुन्हा टक्. तिसऱ्यांदा यंत्र पोचवायला गेला तेव्हा थिया म्हणाली, "तू आलास की शहाण्यासारखं वागतं. दाढ दुखत असते आणि डॉक्टरच्या पायरीवर थांबते, तसं."

"थांबते ती दाढ दुखतच नसते, थिया," विंको म्हणाला, आणि आपण काहीतरी फार मार्मिक बोललो असं त्याला वाटलं.

एवढ्यावर थांबला असता तर तो विंको कसला. दुसऱ्या दिवशी मर्व्हच्या दुकानात खिळे आणायला गेला. मर्व्ह म्हणजे गावातला सगळ्यात मोठा हसणारा. त्याच्यापुढे विंकोची जीभ सुटायची.

"काय डॉक्टर," मर्व्ह म्हणाला, "म्हातारीचा पेशंट कसाय?"

विंकोने एक हात कमरेवर ठेवला, कुठून तरी एक झाडूचा दांडा काठी म्हणून घेतला, डोळे छताला लावले आणि थियाच्या त्या खोल, ओढलेल्या आवाजात म्हणाला, "गातं, गातं, लेकरा... आणि टक्. मग देवसुद्धा गप्प."

मर्व्ह सिमेंटच्या गोणीवर बसला. "पुन्हा कर, गड्या."

विंकोने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा गिऱ्हाइकं थांबून बघत होती, म्हणून त्यात थोडं लंगडणंही घातलं. थिया लंगडत नव्हती. पण कला म्हणजे कला.

आता थियाच्या घरी गॅसच्या टाक्या मर्व्ह पोचवत असे, आणि दर महिन्याला त्या सांगायला ऍडलेडहून तिच्या मुलाचा, थानासीचा, फोन येई. नक्कल त्या फोनवरून साडेआठशे किलोमीटर गेली. पाचव्या दिवशी विंकोचा फोन वाजला.

थानासी विमा कंपनीत होता आणि शनिवारीसुद्धा विमा कंपनीत असल्यासारखाच बोलायचा. "विंकोकाका, मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही. मला फक्त वस्तुस्थिती हवीय. आईने तक्रार किती वेळा केली?"

"तीनदा."

"आणि तुमचा निष्कर्ष?"

"दोष नाही."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"लेखी आहे?"

"शिक्का आहे," विंको म्हणाला, आणि क्षणभर त्याची छाती फुगली हे कबूल केलं पाहिजे.

"उत्तम. हेच हवं होतं. बघा, तिच्यासाठी इथे एक जागा पाहिलीय. वृद्धांची. चांगली आहे, बाग वगैरे. ती यायला तयार नाही. पण मी इथल्या डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, गाणं चालू असताना ते बंद पडलंय असं एखाद्याला वाटत असेल, तर अशा माणसाने एकटं राहणं बरं नाही. मी येतोय. तुम्ही रविवारी दोन वाजता घरी या आणि तिला तोंडावर सांगा. माझं ती ऐकणार नाही. तुम्ही तंत्रज्ञ आहात."

म्हातारी आपल्या कागदांवर घराबाहेर निघतेय, हे विंकोला कळलं होतं. पण 'तंत्रज्ञ' हा शब्द त्याच्यासाठी आजवर कुणी वापरला नव्हता. मर्व्ह डॉक्टर म्हणायचा, पण ते डॉक्टरांचा अपमान करायला.

"येतो," तो म्हणाला. एका शब्दाला विकला गेला. नंतर तो सांगायचा, की पुढच्या वेळी निदान दोन तरी मागेन.

रविवारी दोन वाजता बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं. जानेवारीत या वेळेला विंको कित्येक वर्षांत उजेडात आला नव्हता. गाडीतून थियाच्या दारापर्यंतच्या वीस पावलांत त्याला आपल्या बुटांचे तळवे मऊ झाल्यासारखे वाटले. पण आत पत्र्याच्या खोलीत कूलर घोंघावत होता, टेबलावर मुरांबा होता, पाणी होतं, आणि थानासीने तिन्ही कागद इस्त्री केल्यासारखे ओळीने मांडले होते. शेजारी चौथा, जाडसर, छापील. स्टीरिओ सुरेख गात होता.

"आई," थानासी म्हणाला, "विंकोकाका काय सांगतात ते ऐक. मी काही बोलत नाही."

"एवढं तर बोललास," थिया म्हणाली.

दोघंही विंकोकडे बघायला लागले. विंको पाणी प्यायला. "थिया, म्हणजे असं की... माझ्या टेबलावर तरी... त्यात दोष नाही."

"आत्ता नाही," थिया म्हणाली. "आत्ता गातंय. मला काय ऐकू येत नाही का?"

"मी असतो तेव्हा गातं, आई. विंकोकाका असतात तेव्हा गातं. मर्व्ह आला होता तेव्हा गात होतं. तू एकटी असतेस तेव्हाच बंद पडतं. याचा अर्थ काय होतो?"

थियाने विंकोचा पेला रिकामा झाला होता तो भरला. "घे. उन्हातून आलास." तिने शिवी दिली असती तर विंकोला बरं वाटलं असतं.

मग तिने चष्मा लावला आणि छापील कागद जवळ ओढला. "सही कुठे करायची?"

"आज नको. उद्या सकाळी मी निघेन तेव्हा. नीट वाच आधी."

"वाचू काय. तीन शिक्के आहेत." 

विंको उठला. निरोप घेतला, म्हणजे पायांकडे बघत काहीतरी पुटपुटला, आणि गाडीत जाऊन बसला. स्टिअरिंगला हात लावला तर पोळला. रोज टोपीने धरायचा. टोपी डोक्यावर नव्हती. ती आतच, खुर्चीवर. परत जाऊन त्या बाईचं तोंड बघण्यापेक्षा पोळलेल्या हातांनी घरी जावं, असा त्याने पुरा एक मिनिट विचार केला. मग दुसऱ्यांदा हात पोळला आणि तो उतरला.

दार उघडंच होतं. थिया पाठमोरी, कूलरच्या बटणापाशी. खट्. पंखा हळू होत होत थांबला. तिने ओला रुमाल डोक्यावर टाकला आणि खुर्चीत बसली. थानासी दिसत नव्हता. यंत्र गात होतं.

"टोपी," विंको म्हणाला. मग टोपी हातात घेऊन तिथेच उभा राहिला. चेहऱ्यावर कुणीतरी भट्टीचं दार उघडावं तसं ऊन खिडकीतून येत होतं. "थिया, कूलर का बंद केलात?"

"पाहुणा गेला ना."

"तुम्ही आहात की."

"मी काय पाहुणी आहे माझ्या घरात? दुपारभर लावला तर दोन बादल्या पाणी पितो मेला. टँकर पंधरा दिवसांनी येतो."

"म्हणजे एकट्या असता तेव्हा लावतच नाही?"

"कुणासाठी लावू?" थिया म्हणाली. "रुमाल घेते, पांतेलीच्या तबकड्या लावते. आणि मग टक्."

विंको खुर्चीत बसला नाही, खुर्चीने त्याला खाली ओढलं. त्याला आपलं टेबल दिसलं, झाकण काढलेलं यंत्र दिसलं, बारा महिन्यांचे चोवीस डिग्री दिसले. आपण प्रत्येक वेळी सूर्य मावळल्यावर नेलं आणि मावळल्यावर आणलं हे दिसलं. आणि दारात माणूस दिसला की ही बाई आधी कूलर लावते, मग बस म्हणते. तापलं की आवाज जातो, निवलं की येतो. 'सूर्य गेला की,' असं तिने पहिल्याच दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं होतं. गावातल्या शेंबड्या पोराला कळलं असतं. पण शेंबड्या पोराकडे शिक्का नसतो.

"थानासी कुठाय?"

"आत बिळात आडवा झालाय. त्याला ऊन सोसत नाही आता."

विंकोने हाका मारून थानासीला बाहेर आणलं.

"आता काय, विंकोकाका?"

"बस इथे."

"या उकाड्यात? आई, कूलर लाव."

थिया लगेच उठली. विंको बटणापुढे आडवा झाला. "हात लावू नका, थिया. पाया पडतो."

"बाजूला हो. पाहुणे उकडतायत माझ्या घरात."

"मी पाहुणा नाही."

"मग कोण?"

"गडी समजा."

थियाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "गडी बसून राहत नाही," ती म्हणाली, आत गेली आणि मसुराची परात आणून त्याच्या मांडीवर ठेवली. "खडे काढ."

"आणि मी?" थानासी म्हणाला. "मी तर घरचाच."

"वर्षातून दोनदा येणारा घरचा?" 

थानासी खुर्ची ओढून परातीशी बसला आणि खडे काढू लागला. कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर काखेतून दोन नकाशे पसरत गेले.

पावणेतीन. भिंतीवरचा पारा अडतीस. यंत्र गात होतं. थियाने तबकडी उलटली. तीन वाजता बेचाळीस. यंत्र आणखी खुशीत. विंकोच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम मसुरात पडत होता. ओपलच्या गावात अठरा वर्षं खणून मिळाले नाहीत एवढे खडे त्याला या परातीत मिळाले होते.

"विंकोकाका," थानासी सदऱ्याची दोन बटणं सोडत म्हणाला, "हे शास्त्र आहे की उपास?"

"थांब जरा."

"कशाची वाट बघतोय आपण, ते तरी सांगा. यंत्र तुमच्या टेबलावर अठरा दिवस चाललं. तुम्हीच लिहून दिलंय."

"मी लिहून दिलंय म्हणूनच थांब म्हणतोय."

सव्वातीन. चव्वेचाळीस. विंकोच्या मनात आलं, की समजा आज बंद पडलंच नाही तर? तर आपण या बाईच्या घराला स्वतःच्या हाताने शेवटचं कुलूप घालतोय, तेही मुलाला साक्षीला बसवून. तो मनातल्या मनात यंत्राला विनवू लागला, की बाबा रे, बिघड. माझी अब्रू जाऊ दे, ती तशीही गेलीय, पण बिघड. जगात यंत्र बिघडावं म्हणून देव पाण्यात घालणारा हा पहिलाच दुरुस्तीवाला असावा. यंत्राने मात्र नेमका त्या क्षणी असा काही ठेका धरला की थानासीचा पायसुद्धा नकळत हलायला लागला.

तबकडी संपली. थियाने दुसरी लावली. गाणारी बाई वरच्या सुरात चढली, आणखी चढली, आणि

टक्.

दिवा चालू होता. तबकडी फिरत होती. खिडकीवर एक माशी आपटत होती, तिचा आवाज केवढा मोठा झाला.

थानासीच्या बोटांत एक खडा होता, तो तसाच राहिला. त्याने यंत्राकडे पाहिलं, मग आईकडे. थिया मसूर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"हेच का ते?" थानासीने हळूच विचारलं.

"हं."

थानासी उठून यंत्रापाशी गेला, बटण फिरवलं, वायरी हलवल्या, मागे वाकून बघितलं. "सैल झालं असेल काहीतरी."

"सैल नाही. त्याला आता संध्याकाळपर्यंत हात लावून उपयोग नाही," थिया म्हणाली. "रोजचंच आहे."

थानासी परत येऊन बसला. विंकोला वाटलं आपण आता बोलावं, पण आजवर आपण बोलून काय काय झालं ते आठवून त्याने परातीतला पुढचा खडा शोधला.

"पण आई," थानासी अखेर म्हणाला, आणि आवाजात विमा कंपनी थोडी परत आली, "तू रोज या भट्टीत बसतेस? दोन बादल्या पाण्यासाठी? हे काय डोकं ठिकाणावर असल्याचं लक्षण झालं?"

"हा चिक्कूपणा आहे, थानासी. तो मला माहेरपासून आहे. तुझ्या बापाला लग्नाआधी सांगितलं होतं."

विंको फस्सकन हसला आणि मसूर सांडले. थानासी हसायचं नाही असं ठरवून बसला होता. ते फार वेळ टिकलं नाही. मग त्याने रुमाल काढला, आईच्या पेल्यात बुडवला आणि स्वतःच्या डोक्यावर टाकला. दोघं मायलेकरं एकाच मापाचे रुमाल घेऊन बसली होती. चौथा कागद त्याने चार घड्या घालून खिशात ठेवला. "चाळीसच्या वर पारा गेला की कूलर लावायचा," तो म्हणाला. "हे कबूल कर, मग मी कागद काढत नाही."

"पंचेचाळीस."

"बेचाळीस."

"बेचाळीस," थिया म्हणाली, "आणि महिन्याला एक टँकर तू पाठवायचा."

संध्याकाळी, रेंगाळलेला सूर्य अखेर गेल्यावर, यंत्र आपणहून टक् म्हणालं आणि थियाने नेहमीसारखी पुन्हा लावून ठेवलेल्या तबकडीवरची गाणारी बाई मधूनच पुढे गायला लागली. थानासी दचकून उभाच राहिला.

निघताना विंको दारात घुटमळला. "थिया, तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"ऐकलंस की. मानसुद्धा हलवलीस."

"आणि मर्व्हच्या दुकानात मी तुमची..."

"नक्कल केलीस. मर्व्हने करून दाखवली मला. तुझ्याइतकी जमत नाही त्याला, असं तोच म्हणाला." थियाने बशा गोळा केल्या. "काठी कशाला घेतलीस पण? मी काठी वापरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी थानासी ऍडलेडला निघाला आणि विंको आला. या वेळी त्याने यंत्र नेलं नाही. हत्यारंच घेऊन आला, आणि दुपारची वाट बघत बसला. भर उन्हात, पत्र्याच्या खोलीत, झाकण काढून, केस वाळवायच्या गरम वाऱ्याच्या यंत्राने एकेका भागाला तापवत आणि लाकडी दांड्याने टिचक्या मारत गेला. टक् करून दोन्ही बाजूंचा आवाज तोडणाऱ्या छोट्या खटक्याजवळच्या एका भागाच्या पायापाशी टिचकी मारली आणि टक्. भिंग लावून पाहिलं. त्या पायाभोवतीच्या कथलाच्या डाखाला केसाएवढी बारीक गोल चीर गेली होती. तीस उन्हाळे ताणत, आखडत, ताणत, आखडत गेलेली. तापलं की चीर उघडायची, निवलं की मिटायची. धुळीचा तिथे कणसुद्धा नव्हता.

नव्या डाखाचा एक थेंब. दोन मिनिटांचं काम. दीड महिना लागला होता.

मग चाचणी. थियाने बेचाळीसपर्यंतचा वायदा पाळायचा म्हणून कूलरकडे हात नेला, आणि विंकोने आजचा दिवस तेवढी सूट मागितली. तीन वाजले, पारा पंचेचाळीसवर गेला, दोन्ही स्पीकर गात राहिले. साडेतीन. पावणेचार. थिया रुमाल घेऊन डोळे मिटून बसली होती. झोपली की ऐकतेय ते कळत नव्हतं. विंको परातीपुढे होता. कालचे मसूर संपले होते, आज हरभरे होते.

चारला फोन वाजला. विंकोने उचलला.

"विंकोकाका? मी वाटेत पोर्ट ऑगस्टाला, पेट्रोल भरतोय. काय झालं? चालू आहे?"

विंको सांगायला तोंड उघडणार होता. मग त्याला वाटलं, या माणसाचा आपल्या शब्दावर पुरेसा विश्वास ठेवून झालाय. त्याने फोनची वायर ताणली, जेवढी येईल तेवढी आणली आणि हात लांब करून फोन डाव्या स्पीकरपुढे धरला. एका पायावर वाकलेला, घामाने निथळणारा, खुंटीसारखा हात पुढे केलेला, असा तो कडव्यामागून कडवं उभा राहिला.

थियाने डोळे न उघडता विचारलं, "काय म्हणतोय?"

"काही नाही. ऐकतोय."

"गाणं संपू दे मग," थिया म्हणाली. "आणि त्याला विचार, जेवला का."